ग्लायकोसायलेशनचा जन्मजात विकार : सोलापूरच्या पालकांसाठी पहिल्या वर्षाचे मार्गदर्शन

तुमच्या मुलाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'सीडीजी' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. 'कंजेनायटल डिसऑर्डर्स ऑफ ग्लायकोसायलेशन' हे त्याचे पूर्ण नाव. आमच्या मुलीला यातला पीएमएम-२ हा प्रकार आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे प्रमाण किंवा उपचाराचा निर्णय या लेखात सापडणार नाही. कोणत्या क्रमाने काय करावे, कोणता कागद कधी मागून घ्यावा आणि कुठे फसगत होते, एवढेच येथे मांडले आहे.

सर्वांत महत्त्वाचे आधीच सांगते. 'सीडीजी आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. या नावाखाली आजघडीला १६० पेक्षा जास्त वेगवेगळे विकार मोडतात; त्यांतल्या काहींवर तोंडाने घेण्याचा साधा उपचार आहे, काहींत मेंदूला जवळजवळ धक्का लागत नाही, तर काहींत अनेक अवयवांवर एकदम लक्ष ठेवावे लागते. उपचार, देखरेख आणि पुढच्या बाळाचा निर्णय या तिन्ही गोष्टी नेमका प्रकार कोणता यावर ठरतात.

१. विकार काय आहे, ते आधी समजून घ्या

शरीरात तयार होणाऱ्या बहुतेक प्रथिनांना पेशी साखरेच्या लहानलहान साखळ्या जोडते. या जोडणीला ग्लायकोसायलेशन म्हणतात. या साखळ्यांशिवाय प्रथिन नीट घडी घेत नाही, जागेवर पोचत नाही किंवा लवकर मोडते. जोडणीच्या कामाला शंभराहून अधिक एन्झाइम आणि वाहक प्रथिने लागतात, आणि त्यांपैकी एकाचेही जनुक बिघडले तर त्याचा परिणाम यकृत, रक्त गोठण्याची यंत्रणा, संप्रेरके, डोळे, हृदय आणि मेंदू अशा एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणी दिसतो. म्हणूनच हे मूल आधी पोटाच्या, मग डोळ्यांच्या, मग मेंदूच्या डॉक्टरांकडे फिरत राहते आणि सगळे धागे एकत्र जुळायला वेळ लागतो.

सोलापूरच्या माणसाला हे चादरीवरून चटकन कळेल. चादर विणून झाली तरी काठाला दशा सोडून त्यांच्या गाठी मारल्याशिवाय माल पुरा होत नाही. काही चादरींना एका बाजूच्या दशाच नसतील, तर तो पहिल्या प्रकारचा दोष. दशा आहेत, पण अपुऱ्या आणि तुटक्या, तर तो दुसऱ्या प्रकारचा. प्रयोगशाळेच्या अहवालात 'टाइप १ पॅटर्न' आणि 'टाइप २ पॅटर्न' असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ जवळपास हाच आहे.

बेल्जियममधील बालरोगतज्ज्ञ याक याकेन यांनी १९८० साली जुळ्या बहिणींमध्ये या विकाराचे पहिले वर्णन केले. पीएमएम-२ हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार असून त्याचे जनुक १६ व्या गुणसूत्रावर असल्याचे १९९७ मध्ये निश्चित झाले. जुन्या कागदांवर किंवा इंटरनेटवर याच प्रकाराला 'सीडीजी-१ए' म्हटलेले दिसते. हल्ली जनुकाचे नाव आधी आणि सीडीजी नंतर, अशी पद्धत आहे. माहिती शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

घरात एक गैरसमज हटकून होतो. 'साखरेचा दोष' एवढेच कानावर पडल्याने आजी-आजोबा मुलाचा गूळ, साखर, केळी बंद करतात. हा मधुमेह नाही, आणि पीएमएम-२ मध्ये गोड वर्ज्य करण्याचे कारण नाही. उलट या मुलांचे वजन मुळात वाढत नसते, त्यामुळे त्यांना तूप, शेंगदाण्याचे कूट, दुधात कुस्करलेली भाकरी असे भरपूर उष्मांकाचे अन्नच लागते.

२. शंका कोणत्या खुणांवरून घ्यावी

आमच्या मुलीला सुरुवातीला 'सेरेब्रल पाल्सी' म्हणून व्यायाम सुरू करून दिले होते आणि दीर्घकाळ तेच चालले. निदानाची दिशा बदलली ती एका तपासणीमुळे. नव्या डॉक्टरांनी तिचा फ्रॉक काढून तिला उताणे-पालथे करून पाहिले. दोन्ही स्तनाग्रे आत वळलेली होती, कुल्ल्यांच्या वरच्या बाजूला चरबीचे वेगळे उंचवटे होते, आणि बाकी अंगावर मांस नसताना तेवढीच जागा गुबगुबीत होती. आंघोळ घालताना हे आम्ही रोज पाहत होतो. त्याला काही अर्थ असेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

पीएमएम-२ मध्ये या दोन खुणांबरोबर अंग सैल असणे, तिरळेपणा, वजन न वाढणे, उशिरा मान धरणे व बसणे, यकृताची एन्झाइम वाढलेली असणे आणि एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलेला दिसणे, असा संच आढळतो. सर्वच खुणा सर्वांत नसतात. आत वळलेली स्तनाग्रे नाहीत म्हणून विकार नाही, असे होत नाही. इतर प्रकारांत चित्र पार वेगळे असते. तेथे सतत जुलाब, रक्तातील साखर एकाएकी उतरणे, दुभंगलेली पडजीभ, आवरायला कठीण जाणारे झटके किंवा वारंवार होणारे जंतुसंसर्ग यांतले काही असू शकते. विकासाचा विलंब आणि त्याबरोबर दुसऱ्या एखाद्या अवयवाची तक्रार, असे दोन धागे जेव्हा एकत्र येतात, तेव्हा डॉक्टरांना 'सीडीजीची चाचणी करावी का?' एवढे जरूर विचारा.

३. बाहेरगावी जाण्यापूर्वी फाइल तयार करा

जनुकीय विकारांच्या ओपीडीत डॉक्टर मुलाला पाहण्याआधी कागद पाहतात, आणि कागद नसला की तीच तपासणी पुन्हा करावी लागते. प्लास्टिकच्या पाकिटांची एक जाड फाइल घ्या आणि तारखेच्या क्रमाने पुढील कागद लावा :

- प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड, जन्मवजन, गर्भारपणातील सोनोग्राफीचे अहवाल
- लसीकरण कार्ड, वजन-उंचीच्या नोंदी
- मान धरली, बसले, उभे राहिले, पहिला शब्द बोलले, यांच्या महिन्यानिशी तारखा
- यकृत, थायरॉइड आणि रक्त गोठण्याच्या तपासण्यांचे अहवाल
- एमआरआयची सीडी. नुसता अहवाल पुरत नाही, चित्रे लागतात
- झटके येत असतील तर त्यांचे मोबाइलवरचे चित्रण
- दोन्ही घरांची तीन पिढ्यांची वंशावळ
- आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला

वंशावळीबाबत मोकळेपणाने बोला. आपल्याकडे मामेबहीण-आतेभाऊ किंवा मामा-भाची अशी नात्यातली लग्ने अनेक घरांत झालेली असतात, आणि ती सांगताना लोक चाचरतात. डॉक्टरांना त्यात दोष काढायचा नसतो. नवरा-बायकोचे पूर्वज एकच असतील तर एखाद्या जनुकाची एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून मुलाकडे येण्याची शक्यता वाढते, आणि हे माहीत असेल तर अहवाल वाचणे सोपे जाते. लहानपणी गेलेली भावंडे, वारंवार झालेले गर्भपात, 'अंगाने लुळे' असलेले एखादे चुलतभावंड, हेही लिहा.

४. ट्रान्सफेरिनची चाचणी करा, पण बरोबर तीच

सीडीजीसाठी पहिली चाळणी म्हणजे रक्तातील ट्रान्सफेरिन या प्रथिनावरील साखळ्यांची तपासणी. तिचे नाव 'ट्रान्सफेरिन आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग' किंवा 'ट्रान्सफेरिन आयसोफॉर्म'. काही ठिकाणी हीच तपासणी मास स्पेक्ट्रोमेट्रीने करतात. निरोगी माणसाच्या ट्रान्सफेरिनवर बहुतांशी सियालिक आम्लाचे (साखळीच्या टोकाला असणाऱ्या एका साखरेचे) चार रेणू असतात. टाइप १ मध्ये दोन रेणूंचे आणि एकही रेणू नसलेले ट्रान्सफेरिन वाढते. टाइप २ मध्ये तीन आणि एक रेणू असलेलेही वाढलेले दिसते.

येथे सर्वांत मोठी फसगत होते ती लॅबच्या काउंटरवर. चिठ्ठीवर 'ट्रान्सफेरिन' हा शब्द वाचून काउंटरवरचा माणूस लोहाची तपासणी लावून टाकतो, कारण रोज त्याच्यासमोर ॲनिमियाचे रुग्ण येतात. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफेरिनची पातळी 'नॉर्मल' आल्याचा कागद हातात पडतो आणि सीडीजी नाही, असा सर्वांचा समज होतो. पातळी आणि साखळ्या या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. अहवालात फक्त एक आकडा आणि त्याचे एकक असेल, आलेख किंवा आयसोफॉर्मची टक्केवारी नसेल, तर चुकीची तपासणी झाली आहे, असे समजून डॉक्टरांना दाखवा. याच तत्त्वावरची 'सीडीटी' नावाची तपासणी मोठ्यांच्या मद्यपानाची पारख करण्यासाठीही वापरतात, त्यामुळे फॉर्मवर दारूविषयीचा प्रश्न दिसला तर दचकू नका. पण त्या तपासणीतून येणारा नुसता आकडाही आपल्या कामाचा नाही.

नमुना सोलापुरात काढून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. तो देताना मुलाचे वय आणि गेल्या काही आठवड्यांत रक्त किंवा प्लाझ्मा चढवला असल्यास त्याची तारीख फॉर्मवर ठळक लिहा, कारण दात्याचे ट्रान्सफेरिन मिसळले की चित्र बिघडते.

अहवाल आल्यावर दोन्ही बाजूंनी सावध राहा. तो सदोष आला म्हणजे सीडीजी ठरलाच, असे नाही : उपचार न झालेला गॅलॅक्टोसेमिया (दुधातून येणारी गॅलॅक्टोज ही साखर न पचण्याचा विकार) आणि फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक विकार यांतही टाइप १ सारखेच चित्र दिसते, आणि हे दोन्ही विकार आहार बदलून आटोक्यात येतात, म्हणून ते आधी तपासायलाच हवेत. उलट अहवाल निर्दोष आला म्हणून सीडीजी नाहीच, असेही नाही. काही प्रकारांत ट्रान्सफेरिनवर काहीच दिसत नाही, पहिल्या काही आठवड्यांच्या बाळात चाचणी फसू शकते, आणि पीएमएम-२ मध्येसुद्धा वय वाढल्यावर ती सुधारलेली दिसू शकते. खुणा जुळत असतील तर चाचणी पुन्हा करावी किंवा सरळ जनुकीय तपासणीकडे वळावे.

५. जनुकीय तपासणी आणि तिचा अहवाल वाचणे

नेमका प्रकार ठरतो तो येथे. बहुधा 'एक्सोम सीक्वेन्सिंग', म्हणजे सर्व जनुकांतील प्रथिने घडवणाऱ्या भागांचे वाचन, सुचवले जाते. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडे रक्त घेतात आणि अहवालाला काही आठवडे लागतात. तपासणीच्या मागणीपत्रावर डॉक्टरांनी मुलाची लक्षणे सविस्तर लिहिली आहेत ना, ते पाहा. हजारो बदलांतून कामाचा बदल निवडताना प्रयोगशाळा याच वर्णनाच्या आधारे पुढे जाते. नुसते 'विकासात विलंब' एवढेच लिहिले तर शोध भरकटतो. शक्य असल्यास आई-वडिलांचे नमुनेही त्याच वेळी द्या.

अहवालाचे पहिले पान पुढील क्रमाने वाचा. आधी जनुकाचे नाव. मग बदलाचे वर्गीकरण, जे पाच पायऱ्यांचे असते : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. त्यानंतर बदल जनुकाच्या दोन्ही प्रतींत (एक आईकडची, एक वडिलांकडची) एकच आहे की दोन वेगवेगळे आहेत. शेवटी आनुवंशिकतेची रीत.

मधला वर्ग सर्वांत फसवा आहे. 'अर्थ अनिश्चित' याचा अर्थ 'आजार सापडला' असा नाही आणि 'आजार नाही' असाही नाही. अशा वेळी ट्रान्सफेरिनचा अहवाल निर्णायक ठरतो : जनुकात अनिश्चित बदल आणि ट्रान्सफेरिनवर टाइप १ चे चित्र, असे दोन्ही असले तर तज्ज्ञ त्या बदलाकडे निराळ्या नजरेने पाहतात. म्हणून पैसे वाचवण्यासाठी ट्रान्सफेरिनची चाचणी गाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन वेगवेगळे बदल सापडले असतील तर एक आईकडून आणि एक वडिलांकडून आला आहे ना, याची खात्री दोघांच्या रक्तावर साध्या सँगर पद्धतीने (फक्त तेवढीच जागा वाचून) करून घ्या. दोन्ही बदल एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत असते आणि निदान कोसळते. ही तपासणी एक्सोमच्या मानाने बरीच स्वस्त असते, तरीही अनेक कुटुंबे ती करायची राहून जातात आणि पुढच्या गर्भारपणात घाईघाईने धावपळ करतात.

अहवालात काहीच सापडले नाही, तर मूळ डेटा प्रयोगशाळेकडून मागून ठेवा. सीडीजीची नवी जनुके दरवर्षी सापडत असल्याने एक-दोन वर्षांनी त्याच डेटाचे पुन्हा विश्लेषण केल्यास उत्तर मिळण्याची शक्यता असते.

६. कुठे जावे

दुर्मीळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय धोरणाखाली, म्हणजे २०२१ च्या धोरणाखाली, केंद्र सरकारने काही रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा दिला आहे. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय त्यात आहे. सोलापुरात 'केईएम' म्हटले की काही जणांना पुण्याच्या रास्ता पेठेतले केईएम आठवते. या धोरणातले केंद्र परळचे आहे, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी संदर्भपत्रावरचे गाव वाचा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरले की तेथून परळ जवळ आहे. हैदराबादेत डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नोस्टिक्स केंद्र आणि निझाम्स इन्स्टिट्यूट यांचे मिळून असेच केंद्र आहे, आणि पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांना ते अधिक सोयीचे पडते, कारण समुपदेशन आजी-आजोबांच्या भाषेत होते. कन्नड घरांसाठी बेंगळुरूचे सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आणि इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था यांचे केंद्र आहे.

जाताना येथील बालरोगतज्ज्ञांचे संदर्भपत्र घ्याच. रोजची देखरेख शेवटी त्यांच्याकडेच राहणार असल्याने मोठ्या केंद्राने त्यांना उद्देशून पत्र द्यावे, असा आग्रह धरा.

७. प्रकार कळल्यावर : उपचार आहे का?

एमपीआय प्रकारात यकृत आणि आतडी बिघडतात, साखर उतरते, पण मेंदू सहसा सुखरूप राहतो; या मुलांना तोंडाने मॅनोज ही साखर दिल्याने फायदा होतो. पीजीएम-१ प्रकारात गॅलॅक्टोज देतात. एसएलसी ३५ सी १ या अतिदुर्मीळ प्रकारात फ्युकोज दिले जाते. या मुलांचा रक्तगट 'बॉम्बे' असतो, जो १९५२ साली मुंबईतच प्रथम ओळखला गेला. कॅड या जनुकाच्या विकारात युरिडिनचा उपयोग होतो. एखाद्या मुलाला 'सीडीजी, उपचार नाही' म्हणून घरी पाठवले आणि प्रत्यक्षात तो यांपैकी एक प्रकार निघाला, तर झालेले नुकसान भरून येत नाही. नेमक्या प्रकारासाठी मी एवढी हट्टाने का लिहीत आहे, ते यावरून कळेल.

पीएमएम-२ वर मुळापासून बरा करणारा उपचार अद्याप नाही. तोल जाणे आणि हालचालींचा ताळमेळ बिघडणे यांवर ॲसिटाझोलामाइड या जुन्या औषधाने सुधारणा होत असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले आहे. ते द्यावे की नाही, हे बालमेंदूविकारतज्ज्ञ रक्तातील क्षार पाहून ठरवतात.

येथे दोन सापळे आहेत. पहिला मॅनोजचा : लघवीच्या संसर्गासाठी म्हणून ते ऑनलाइन सहज मिळते आणि 'सीडीजीवर मॅनोज' एवढेच वाचून पालक ते मागवतात. पीएमएम-२ मध्ये त्याचा फायदा दिसलेला नाही, आणि एमपीआयमध्येही प्रमाण चुकले तर अपाय होतो. दुसरा सापळा आपल्या देशातला खास आहे. पीएमएम-२ साठी एपॅलरेस्टॅट या औषधाचा अभ्यास परदेशात हाती घेतला गेला आहे, आणि तेच औषध भारतात मधुमेहींच्या नसांच्या दुखण्यासाठी औषध दुकानात मिळते. दुकानात मिळते म्हणजे लहान मुलाला देता येते, असा अर्थ होत नाही. डॉक्टरांशी बोला, पण स्वतःहून सुरू करू नका.

८. देखरेखीचे वेळापत्रक

हे पीएमएम-२ साठीचे आहे. प्रकार वेगळा असेल तर आपल्या तज्ज्ञांकडून वेगळे लिहून घ्या. निदान होताच हृदयाचा इको करावा, कारण हृदयाभोवती पाणी साचणे किंवा हृदयाचा स्नायू जाड होणे हे लहान वयात होऊ शकते. दरवर्षी यकृत, थायरॉइड, रक्त गोठण्याचे घटक, लघवीतील प्रथिने, डोळ्यांचा पडदा आणि पाठीचा कणा पाहावा.

थायरॉइडबाबत जपा. या मुलांत थायरॉइडचे टी-४ हे संप्रेरक वाहून नेणारे प्रथिनच कमी असल्याने एकूण टी-४ कमी दिसते, आणि ते पाहून गोळी सुरू केली जाते. योग्य पद्धतीने मोजलेले मुक्त टी-४ बहुधा ठीक असते. गोळी सुरू करण्यापूर्वी हा मुद्दा डॉक्टरांपुढे नक्की काढा.

रक्त गोठण्याबाबत धोका दुहेरी आहे : अँटिथ्रॉम्बिन, प्रथिन सी व एस आणि ११ वा घटक ही रक्त गोठणे सांभाळणारी प्रथिने कमी असल्याने गुठळीही होऊ शकते आणि रक्तस्रावही. दात काढणे असो, तिरळेपणाची शस्त्रक्रिया असो की हाडाची, आधी या तपासण्या करून घ्या आणि भूलतज्ज्ञांना विकाराचे नाव लिहून द्या.

९. ताप आणि तातडीचे पत्र

पीएमएम-२ मध्ये ताप, शरीरातले पाणी कमी होणे किंवा डोक्याला किरकोळ मार लागणे यानंतर पक्षाघातासारखा झटका येऊ शकतो : एक बाजू लुळी पडते, मूल गुंगीत जाते, फिट येते. बहुतेक वेळा काही तासांत ते काही दिवसांत मूल सावरते, परंतु खरी गुठळी नाही ना, हे स्कॅन करून पाहावेच लागते. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळिशीपार गेलेला पारा, म्हणून या महिन्यांत पाण्याकडे विशेष लक्ष द्या, दुपारचा प्रवास टाळा, आणि जुलाब-उलटीत 'बघू उद्या' असे म्हणू नका. तापाचे औषध घरी असू द्या, पण पॅरासिटामॉल यकृतातून जात असल्याने वजनानुसार प्रमाण आणि दिवसातून किती वेळा द्यायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

रात्री दोन वाजता आपत्कालीन विभागात ज्या तरुण डॉक्टरांपुढे तुम्ही उभे राहाल, त्यांनी हा विकार पाहिलेला नसण्याचीच शक्यता अधिक. त्यांना समजावत बसण्यापेक्षा एका पानाचे पत्र हातात द्या. त्यात निदान व जनुक, चालू औषधे, नेहमीचे यकृताचे आकडे, गुठळी आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका, सलाइन लवकर सुरू करण्याची सूचना आणि बालमेंदूविकारतज्ज्ञांचा फोन एवढे असावे. त्यावर तज्ज्ञांची सही-शिक्का हवा. एक प्रत फाइलमध्ये, एक शाळेत, आणि एक छायाचित्र घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.

१०. थेरपी, प्रमाणपत्र आणि योजना

फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी निदानाची वाट न पाहता सुरू करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला मूल दाखवा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे नाव लावून घ्या. गिळताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टना आधी तेच दाखवा, बोलण्याचे नंतर.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलमध्ये तपासणीला जावे लागते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि त्यांत सीडीजी हे नाव नाही. अर्जात आजाराचे नाव शोधत बसू नका; मुलाला ज्याची अडचण आहे तो प्रकार निवडा, म्हणजे चलनवलन, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही किमान मर्यादा आहे. लहान मुलांना बहुधा मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ते हाती आल्यावर, मूल पात्र गटात बसत असल्यास, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला. तीत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि थेरपीचाही खर्च बसतो. दुर्मीळ आजारांच्या धोरणाखाली ठरलेल्या गटांतील आजारांना ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती रोख हातात मिळत नाही. उत्कृष्टता केंद्रात नोंदणी होऊन उपचारासाठी केंद्रामार्फत वापरली जाते. 'आम्ही मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना दारातूनच परत पाठवा.

११. पुढच्या बाळाचा विचार करण्यापूर्वी

हे दोष कोणाच्या घराण्यातून आले, असा प्रश्न घरात निघतोच आणि बोट बहुधा सुनेकडे वळते. पीएमएम-२ सारख्या बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघेही वाहक असतात, दोघेही निरोगी असतात, आणि दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आल्याशिवाय मुलाला विकार होत नाही. समुपदेशनाला सासू-सासऱ्यांना सोबत न्या. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याने जे काम होते, ते आपण शंभरदा सांगून होत नाही.

अशा प्रकारांत प्रत्येक गर्भारपणात विकाराची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब येथे चालत नाही. एसएलसी ३५ ए २ सारख्या प्रकारात मात्र बदल बहुधा मुलातच नव्याने झालेला असतो आणि गणित पूर्ण बदलते, म्हणून येथेही नेमका प्रकार आधी हवा.

गर्भजल तपासणी साधारण १६ व्या आठवड्याच्या सुमारास आणि वारेचा तुकडा घेऊन करायची तपासणी त्याआधी, ११ ते १३ आठवड्यांत, करतात. गर्भातील ट्रान्सफेरिनवरून निदान करू नये, कारण विकार असूनही ते निर्दोष दिसू शकते. तपासणी जनुकाचीच हवी, आणि त्यासाठी आई-वडिलांचे दोन्ही बदल आधी निश्चित झालेले असावे लागतात. हे काम गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते आणि तेथे लिंग सांगितले जात नाही. अहवालाला लागणारा वेळ धरता, दिवस राहिल्यावर पहिल्या सोनोग्राफीच्या वेळीच स्त्रीरोगतज्ज्ञांना मोठ्या मुलाचा अहवाल दाखवा आणि नमुना घेण्याची तारीख त्याच दिवशी ठरवून या.